आजीचा करदोडा, पाठीवरचा निळा डाग आणि किटातली ती मीटिंग

हे प्रकरण माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, आई-बाबांना विचारून लिहितेय, आणि आजींनाही विचारलं, त्या म्हणाल्या, "लिही की, माझं काय जातंय, फक्त मला राक्षसीण करू नको."

पार्श्वभूमी

जर्मनीच्या दक्षिणेतलं एक मध्यम शहर. आई-बाबा दोघंही आयटीत, दोघंही सांगली-कऱ्हाड पट्ट्यातले. मुलगी इथेच जन्मली, हे सगळं झालं तेव्हा तीन वर्षं दोन महिन्यांची, तिला आपण छोटी म्हणू. मी त्यांची मंडळातली मैत्रीण, आणि मी स्वतः एका किटामध्ये काम करते, पण छोटीच्या नाही, दुसऱ्या. त्यामुळे हे प्रकरण मी दोन्ही बाजूंनी बघत होते आणि खरं सांगायचं तर त्या दोन आठवड्यांत मला दोन्हीकडचा राग आला.

किटा म्हणजे आपल्याकडचं पाळणाघर आणि बालवाडी एकत्र केली तर होईल तसं काहीतरी. तीनच्या आतल्या पोरांचा एक गट, तीन ते सहाचा दुसरा. छोटी दीड वर्षाची असल्यापासून तिथे जायची आणि सप्टेंबरात लहान गटातून मोठ्या गटात गेली, म्हणजे बाई बदलल्या, खोली बदलली. हे लक्षात ठेवा, पुढे घोळ इथूनच झाला.

सप्टेंबरातच गणपती उरकून आजी आल्या, बाबांची आई. नव्वद दिवसांचा व्हिसा. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेलेला, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी आवाज अजून चौथीच्या वर्गाचा. आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघराचा आणि नातीचा असा दुहेरी ताबा घेतला आणि आई-बाबांनी पण सुटकेचा श्वास सोडला, कारण दोघांची नोकरी, घरात मदत कुणाची नाही, आणि तीन वर्षांचं पोर म्हणजे काय असतं ते ज्याच्या घरात आहे त्यालाच माहीत.

आजींच्या राज्यात छोटीने दोन महिन्यांत एक घास स्वतःच्या हाताने खाल्ला नाही. हा चिऊचा, हा काऊचा, आणि घास तोंडात नुसताच फिरायला लागला की खिडकीकडे बोट, "गिळ लवकर, नाहीतर पोलीस येतोय बघ." घर मेन रोडवर. सायरन दिवसातून चारदा वाजणारच. म्हणजे धमकीला पुरावा पण हजर.

नक्की झालं काय

नोव्हेंबरातला पावसाचा दिवस. इथे किटातली पोरं पाऊस असला तरी बाहेर जातातच, रबरी पँट, रबरी बूट घालून चिखलात लोळतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. छोटी डबक्यात चक्क मांडी घालून बसली, पाणी कमरेवरून आत गेलं, कपडे बदलायची वेळ आली. डायपर आता सुटलेला, त्यामुळे नव्या गटातल्या बाईंनी तिची पाठ त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. कमरेखाली तळहाताएवढा निळसर करडा डाग, उजव्या खांद्याजवळ अजून एक छोटा, आणि कमरेभोवती काळा दोरा नि त्याच्याखाली लाल वळ.

दोरा म्हणजे करदोडा. पहिल्या वाढदिवसाला गावी गेले होते तेव्हा आजींनीच बांधलेला. पोरगी वाढली, दोरा तेवढाच राहिला, रोज आंघोळ घालणाऱ्यांच्या नजरेला तो दिसायचाच बंद झाला होता.

संध्याकाळी बाबा घ्यायला आले. किटाच्या दारात उभ्या उभ्या जे दोन मिनिटं बोलणं होतं त्याला जर्मनमध्ये 'दार-बिजागरीचं बोलणं' म्हणतात, खरंच तसा शब्द आहे. बाई म्हणाल्या, पाठीवर निळं दिसलं, कुठे पडली का? बाबांच्या कानात ऑफिसचा कॉल, एका हातात ओले बूट, दुसऱ्या हातात ओली पोरगी. ते म्हणाले, "हो हो, पडली असेल कुठेतरी, मुलं पडतातच." समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून आपण जसं हो म्हणतो तसं ते हो होतं. दोन दिवसांनी बाईंनी तोच प्रश्न आईला विचारला. आई म्हणाली, "छे, ते जन्मापासूनच आहे."

झालं. एका डागाची दोन उत्तरं.

आता मी आतली म्हणून सांगते, बालसंरक्षणाच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला नुसत्या डागापेक्षा ह्याच गोष्टीकडे जास्त बघायला शिकवतात, की आई एक सांगते आणि बाप दुसरं सांगतो का, कारण ज्या घरात खरंच मारहाण होते तिथे असं बरेचदा होतं. बाईंनी वही उघडली आणि मग आधीचं सगळं एकेक करून त्या वहीत येऊन बसायला लागलं. छोटी बाहुलीला फरशीवर आपटते आणि तिला मारते, "हात् हात्" म्हणते, विचारलं तर "ओमा असं करते." ओमा म्हणजे जर्मनमध्ये आजी. जेवताना प्लेटमध्ये काही उरलं की रडवेली होऊन म्हणते पोलीस मला नेणार. जेवणाच्या टेबलावर तोंड उघडून बसते, कुणी भरवेल म्हणून. पँट स्वतः वर ओढत नाही, नुसती उभी राहते. रात्री आई-बाबांच्या मध्ये झोपते.

दहा दिवसांनी मीटिंगचं पत्र आलं, विषय 'मुलीच्या हिताबद्दलची चिंता'. रात्री साडेदहाला आईचा फोन, ती रडत होती, आणि मागून बाबांचा आवाज, "विचार तिला, युगेंडआम्टला कळवलंय का ते विचार."

भीती कशाची होती

युगेंडआम्ट म्हणजे इथलं बालकल्याण खातं, आणि हा शब्द ऐकला की परदेशातल्या कुठल्याही भारतीय घरात दोन गोष्टी आठवतात. एक नॉर्वेची, २०११ मध्ये स्टावांगरला भारतीय जोडप्याची दोन मुलं सरकारी ताब्यात गेली, हाताने भरवतात आणि एकत्र झोपवतात म्हणून नेली असं आपल्याकडच्या बातम्यांत आलं, आणि २०१२ मध्ये ती मुलं काकांकडे भारतात आली. दुसरी बर्लिनची, २०२१ मध्ये भारतीय जोडप्याची तान्ही मुलगी फॉस्टर केअरमध्ये गेली ती. ह्या दोन्ही केसेस खूप गुंतागुंतीच्या आहेत, पण व्हॉट्सअपवर पोचताना त्यांचं एकच वाक्य होतं, 'हे लोक आपली पोरं उचलून नेतात.'

प्रत्यक्षात कायदा काय म्हणतो ते मी त्या रात्री फोनवर तीनदा सांगितलं. पहिली गोष्ट, इथे नोव्हेंबर २००० पासून नागरी संहितेच्या कलम १६३१ मध्ये मुलाला मारहाणीशिवाय वाढण्याचा हक्क आहे, घरातसुद्धा. स्वीडनने हे १९७९ मध्येच केलं होतं, जगात पहिल्यांदा. म्हणजे धपाटा ही इथे घरगुती बाब नाही. दुसरी, किटाला काही खटकलं तर समाजसंहितेच्या आठव्या पुस्तकातलं कलम ८अ लागू होतं, त्यात क्रम ठरलेला आहे: आधी आपसात आणि बाहेरच्या एका जाणकार व्यक्तीबरोबर धोक्याचा अंदाज घ्यायचा, मग आई-बाबांशी बोलायचं (त्या बोलण्याने मुलाला धोका वाढणार नसेल तर), मदत सुचवायची, आणि तेवढ्याने भागत नसेल तर खात्याला कळवायचं. तिसरी, तातडीच्या धोक्यात खातं मूल ताब्यात घेऊ शकतं, पण आई-बाबांनी विरोध केला की ताबडतोब कौटुंबिक कोर्टाकडे जावं लागतं नाहीतर मूल परत द्यावं लागतं.

म्हणजे मीटिंगचं पत्र आलं ही वाईट बातमी नव्हती. ज्यांच्याबद्दल खूपच भीती वाटते त्यांना आधी पत्र पाठवत नाहीत. हे मी सांगितलं, पण रात्री साडेदहाला कोण ऐकतं.

मग मी विचारलं, "आता मला खरं सांगा. मारता का तिला?"

फोनवर शांतता. मग बाबा म्हणाले, "मारत नाही गं. एकदा पाठीत धपाटा दिला होता. आईने पण एकदा. म्हणजे माझ्या आईने."

पर्याय काय होते

पुढच्या चार दिवसांत त्यांच्या डायनिंग टेबलावर काय काय सुचवलं गेलं ते बघा.

मंडळातले एक काका म्हणाले लगेच वकील करा, कॉन्सुलेटला मेल टाका, पेपरात द्या. वकिलाचा सल्ला घेण्यात चूक काहीच नव्हती आणि प्रकरण खात्यापर्यंत गेलं असतं तर मीच पहिला फोन करायला सांगितलं असतं. पण जिथे समोरचा फक्त 'या, बोलूया' म्हणतोय तिथे वकिलाचं पत्र घेऊन जाणं म्हणजे बोलणंच बंद.

किटा बदलायची? १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्षावरच्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्षातली जागा ह्यात किती अंतर असतं ते इथे राहणाऱ्या कुणालाही विचारा.

आजींबरोबर छोटीला डिसेंबरात गावी पाठवायची, ही बाबांची आवडती आयडिया होती. "सहा महिने राहील, मराठी पण सुधारेल, इकडे सगळं थंड होईल." मी एरवी कुणाच्या घरच्या निर्णयात ओरडत नाही, ह्यावर ओरडले. ज्या मुलीबद्दल चिंता नोंदवली आहे ती मीटिंगच्या तोंडावर देशाबाहेर गेली तर किटाने काय समजायचं? त्यांच्या जागी मी असते तर त्याच दिवशी खात्याला फोन केला असता, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

राहिला शेवटचा, आणि खरी मारामारी ह्याच्यावर झाली. मीटिंगला जायचं हे ठरलं, पण धपाट्याचं सांगायचं की नाही? बाबा म्हणे कधीच मारलं नाही म्हणायचं, विषय संपला, पुरावा कुठेय. आई म्हणे, "पुरावा तुझी पोरगी आहे. ती बोलते आता. उद्या ती तिच्या बाईला सांगेल, मग?" त्यावर बाबांनी जे म्हटलं ते मला अजून आठवतं. "आपल्या घरातलं पोरगी बाहेर सांगणार, आणि ते लोक तिचं ऐकणार. आणि माझं नाही."

मला वाटतं सगळं प्रकरण ह्या वाक्यात आहे. भरवणं, झोपवणं, दोरा हे वरवरचं. आपल्याकडे तीन वर्षांच्या पोराच्या वतीने घर बोलतं. पोराला काय झालं, काय हवं, काय दुखलं ते आई सांगते, आजी सांगते, डॉक्टरकडे पण डॉक्टर आईलाच विचारतात. इथे त्या पोरालाच विचारतात, ते लिहून घेतात, आणि घराच्या उत्तराशी ताडून बघतात. इथल्या लोकांना हा मुलाचा मान वाटतो. बाबांना ती आपल्या घरात लावलेली चौकी वाटली. मला इथे इतकी वर्षं झाली तरी कधी कधी तसंच वाटतं, लपवत नाही.

काय केलं

पहिलं काम डागाचं. डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं, मंगोलियन स्पॉट. रंगद्रव्याच्या पेशी त्वचेच्या खोल थरात राहून गेल्या की वरून निळसर दिसतं. आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या बाळांमध्ये सर्रास, गोऱ्या बाळांमध्ये क्वचित, बहुतेकांचा शाळेत जाईपर्यंत फिका पडतो. मुका मार असेल तर तो काही दिवसांत हिरवा-पिवळा होत जातो, हा डाग जसाच्या तसा राहतो. आईकडे छोटी सहा महिन्यांची असतानाचे आंघोळीचे फोटो होते, त्यात तोच डाग, तीच जागा. डॉक्टरांनी पिवळ्या वहीत नोंद केली. पिवळी वही म्हणजे इथे प्रत्येक मुलाची जन्मापासूनच्या तपासण्यांची वही असते ती. छोटीच्या वहीत तिसऱ्या वर्षापर्यंतच्या सगळ्या तपासण्यांचे शिक्के होते आणि ह्या डागाबद्दल एक अक्षर नव्हतं. कुणालाच ते लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं.

दुसरं, दुभाषी. मी येते म्हणाले, पण दुभाषी म्हणून नाही. मैत्रिणीने दुभाषी व्हायचं नसतं, ती गोड करून सांगते. किटाला मागितल्यावर त्यांनी हिंदी दुभाषी दिली, मराठी मिळाली नाही.

तिसरं, आजींना सांगणं. हे त्यांनी केलं नाही. "तिचं बीपी आहे, उगाच कशाला." ह्या निर्णयाची किंमत पुढे कळली.

मीटिंगला गटाच्या बाई, किटाच्या प्रमुख, दुभाषी, आई-बाबा आणि मी. आईने फोटो आणि पिवळी वही पुढे ठेवली. बाई फोटोकडे बराच वेळ बघत होत्या, कान लाल झालेले. मग प्रमुख उठून बाहेर गेल्या आणि लहान गटातल्या जुन्या बाईंना विचारून आल्या. जुन्या बाईंना डाग माहीत होता, दीड वर्ष त्या डायपर बदलत होत्या! फक्त गट बदलताना जो कागद पुढे जातो त्यात लिहायचं राहिलं. प्रमुखांनी तिथल्या तिथे माफी मागितली, लांबण न लावता.

मग बाहुली. ओमा असं करते म्हणजे काय करते? हिंदी दुभाषीला 'हात्' काही कळेना. शेवटी बाबा खुर्चीवरून उठले, गुडघ्यावर बसले आणि गालिच्यावर थाडथाड हात मारत म्हणाले, "हात् रे! माझ्या छोटीला पाडलंस? हात्!" पोर पडलं की आजी जमिनीला मारते. आपल्यापैकी प्रत्येकाने ही जमीन मार खाताना पाहिलीय. बाई आधी दचकल्या, मग हसायला लागल्या, मग गंभीर होऊन म्हणाल्या, "पण जमिनीने काय केलं? ती स्वतःच अडखळली ना?" इथे पोर पडलं की 'होप्ला!' म्हणतात आणि उठायची वाट बघतात. आमच्या बाजूने मी म्हटलं की जमिनीला मारणं म्हणजे तू एकटी नाहीस, तुझ्या बाजूने मी आहे, एवढंच. बाई म्हणाल्या, "हो, पण मागच्या आठवड्यात तिला एका मुलाचा धक्का लागला आणि तिने त्याला मारलं आणि हात् म्हणाली." ह्यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि अजून सुचलेलं नाही.

आणि मग प्रमुखांनी सरळ विचारलं. घरात कधी हात उचलला जातो का?

बाबांनी आईकडे बघितलं. आदल्या रात्रीपर्यंत काही ठरलेलं नव्हतं. बाबा म्हणाले, "दोनदा. एकदा मी, एकदा माझ्या आईने. पाठीवर, उघड्या हाताने." दुभाषी क्षणभर थांबली, तिला बहुतेक वाटलं हे खरंच सांगायचं का. मग तिने सांगितलं.

प्रमुखांनी लिहून घेतलं. विचारलं, त्याच्या आधी काय झालं होतं? बाबा म्हणाले सकाळी आठची मीटिंग, ही पोरगी बूट घालेना, पंचवीस मिनिटं. प्रमुख म्हणाल्या, "बूट. नेहमी बूटच असतात." आणि पहिल्यांदा त्या खोलीतली हवा जरा हलली. पुढे त्या स्पष्टच बोलल्या, की हे इथे चालत नाही, एकदाही नाही, आणि पुढच्या वेळी तुम्ही काय करणार ते आपण आत्ता ठरवू.

आजींची बाजू

आजींना हे सगळं कळलं ते शेजारच्या पंजाबी बाईकडून, तेही अर्धवट. नऊ दिवस घरात कुजबूज चालली होती आणि त्यांना वाटत होतं सुनेची नोकरी गेली. त्या मुलाशी बोलल्या नाहीत, मला बोलावलं. पोहे केले होते, पण समोर ठेवले नाहीत, आधी उलटतपासणी.

"मी माझ्या नातीला छळते असं लिहिलंय म्हणे."

मी म्हटलं, काकू, तसं नाही. आणि कलम ८अ वगैरे सांगायला गेले तर त्या मलाच सांगायला लागल्या की इथे येताना-जाताना त्यांनी काय काय बघितलं. दोन डिग्री थंडीत नाक वाहणारं पोर बाहेर. चार वर्षांच्या पोराच्या हातात काकडी कापायला खरी सुरी. आणि कपाटापाशी दोन वर्षांचं लेकरू बुटाशी झटतंय, घामाघूम, "आणि ती बाई नुसती शेजारी उभी गं! दहा मिनिटं! हात लावेना. आपल्याकडं दुश्मनसुद्धा वाकून बूट घालील. आणि हे आम्हाला सांगणार पोरं कशी सांभाळायची."

हे मी जर्मन सहकाऱ्यांना नेहमी सांगते. तुम्हाला आमचं भरवणं जसं दिसतं ना, तसं आम्हाला तुमचं नुसतं उभं राहणं दिसतं.

मग मी त्यांना शाळेचं विचारलं. काकू, तुमच्या शाळेत शेवटी शेवटी छडी होती का? त्या म्हणाल्या, "छे. २००९ चा कायदा आला ना, शिक्षण हक्काचा, कलम सतरा. छडी बंद, अंगठे धरायला लावणं बंद. आम्ही पहिल्यांदा लई कुरकुरलो. म्हटलं आता पोरं डोक्यावर बसतील. पण जमतंय की." मी म्हटलं, इथे तेच आहे, फक्त ते शाळेच्या गेटपाशी थांबत नाही, घरात पण येतं.

आजींनी मान वर केली. "म्हंजे इथं घराला पण जीआर लागू आहे म्हण की."

"हो."

"मग हे आधी सांगायचं. मी तीस वर्षं जीआर पाळले, हा नसता पाळला?" आणि पोहे आले.

शेवटी काय झालं

किटाने त्या बाहेरच्या जाणकार व्यक्तीबरोबर नाव न सांगता चर्चा केली आणि खात्याला कळवलं नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा भेटायचं ठरलं. आई-बाबांनी पालक समुपदेशन केंद्रात तीन भेटी घेतल्या, तिथे पैसे पडत नाहीत हे इथल्या कितीतरी भारतीयांना माहीतच नसतं. तिथे बुटांवर तोडगा निघाला, आणि तो हास्यास्पद सोपा होता: पंधरा मिनिटं आधी उठायचं आणि दोनच जोड्या समोर ठेवून कुठली ते छोटीला निवडू द्यायचं. झोपण्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही, भरवण्याबद्दल एवढंच की किटात ती स्वतः खाईल, घरी तुमचं तुम्ही बघा. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी हे लोक अख्खी रात्र जागले होते त्या यादीत होत्या, पण चिंतेच्या खात्यात नव्हत्याच, 'स्वावलंबन' ह्या खात्यात होत्या. वही एकच असल्यामुळे वाचणाऱ्याला सगळं आरोपासारखंच दिसलं.

करदोडा काढा असं कुणी म्हटलं नाही, फक्त घट्ट आहे म्हणाले. आणि तो होताच घट्ट, ह्याबद्दल किटा शंभर टक्के बरोबर होती. आजींनी स्वतः कात्रीने कापला, नवीन बांधला, दोन बोटं जातील एवढा सैल.

किटाच्या प्रमुखांनी आजींना एक दिवस जेवणाच्या वेळी येऊन बसायला सांगितलं. मी सोबत होते. छोटीने काचेच्या जगमधून काचेच्या ग्लासात पाणी ओतलं, न सांडता. बटाटा काट्याने मोडला, खाल्ला. उरलेलं पुसून प्लेट ट्रॉलीत नेऊन ठेवली आणि हात धुवायला गेली, आमच्याकडे बघितलं पण नाही. आजी बराच वेळ गप्प. मग मला कानात, "घरी हिचे हात मोडतात काय गं?"

पण सगळं छान झालं असं नाही. आजी मुलावर रुसल्या ते रुसल्याच, ठरलेल्या तारखेला गेल्या, एअरपोर्टवर नातीला पोटाशी धरलं आणि मुलाला नुसतं "येते" म्हणाल्या. पुढच्या वर्षी बोलावलं तर गुडघ्याचं कारण सांगून आल्या नाहीत. आणि आई आजही किटाच्या दारात तीन वाक्यांपेक्षा जास्त बोलत नाही, प्रत्येक शब्द कुठेतरी लिहिला जातोय असं तिला वाटतं. बाई चांगल्या आहेत, प्रयत्न करतात, पण ते गेलं ते गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते सगळ्यात स्वस्त चूक होती दारातली. "मला माहीत नाही, घरी विचारून उद्या सांगतो", एवढं वाक्य बाबांनी म्हटलं असतं तर निम्मं प्रकरण झालंच नसतं. आपल्याकडे माहीत नाही म्हणणं बापाला कमीपणाचं वाटतं, आणि इथे अंदाजाने दिलेलं उत्तर जबाब म्हणून लिहिलं जातं.

डाग असेल तर पहिल्याच तपासणीला डॉक्टरांना मागे लागून पिवळ्या वहीत लिहून घ्या, आणि किटाच्या फॉर्ममध्ये पण. हे मी आता मंडळातल्या प्रत्येक बाळंतिणीला सांगते, डिंकाचे लाडू नंतर.

किटाकडून: गट बदलताना अंगावरच्या खुणा पुढच्या बाईंना कळवायच्या हे आता त्यांच्या कागदात आलंय. पण त्यापेक्षा, कमरेला दोरा दिसला त्याच दिवशी 'हे काय आहे, कशासाठी असतं' असं कुतूहलाने विचारता आलं असतं. दृष्ट लागू नये म्हणून बांधतात हे ऐकल्यावर पुढचं ऐकायची पद्धतच बदलली असती. आणि निरीक्षणांची यादी करताना धोका कुठला आणि सवय कुठली हे दोन कागदांवर लिहा, हे मी आमच्या किटात भांडून करून घेतलंय.

धपाट्याचं खरं सांगितलं ते बरोबर होतं का? इथे माझं आणि मंडळातल्या त्या काकांचं अजून पटत नाही. ते म्हणतात नशीब चांगलं म्हणून निभावलं, दुसरी प्रमुख असती तर? त्यांचं अगदीच चुकीचं नाही, माणसामाणसावर असतं. पण खोटं बोलले असते तर ते खोटं तीन वर्षांच्या पोरीला सांभाळायला लागलं असतं, आणि ते मला धपाट्यापेक्षा वाईट वाटतं.

आणि आजींना पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. घरातलं सगळ्यात कायदा पाळणारं माणूस तेच होतं.

पोलिसाची भीती मात्र अजून गेलेली नाही. आता छोटी पाच वर्षांची आहे. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे जेवायला होते, खालून सायरन वाजवत गाडी गेली, आणि ती खेळता खेळता थांबून खिडकीकडे बघत जर्मनमध्ये म्हणाली, "मी सगळं संपवलंय."